इपामोरेलिन घेतलं तर चालेल का? जिममधला ट्रेनर म्हणतो स्टेरॉइड नाही, एकदम नॅचरल आहे

स्टेरॉइड नाही हे बरोबर, पण नॅचरल वगैरे काही नाही, लॅबमध्ये बनवलेलं पाच अमिनो ॲसिडचं पेप्टाइड आहे ते. भूक लागली की पोटातून घ्रेलिन नावाचं हार्मोन सुटतं ना, त्याच्याच रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या त्याच्या ठरलेल्या जागेवर, हे जाऊन बसतं आणि मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी स्वतःचं ग्रोथ हार्मोन रक्तात सोडते. म्हणजे हार्मोन तुमचंच, फक्त बाहेरून डिवचून काढलेलं. ट्रेनर लोक हा अर्धाच भाग सांगतात.

पोटाच्या ऑपरेशननंतर आतडी लवकर चालू व्हावीत म्हणून याची ट्रायल झाली होती, त्यात काही जमलं नाही, आणि अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीएने याला औषध म्हणून कधीच मंजुरी दिलेली नाही. वेगळ्या रिसेप्टरवर जाऊन ग्रोथ हार्मोन सोडायला लावणारं टेसामोरेलिन नावाचं दुसरं पेप्टाइड मात्र २०१० मध्ये मंजूर झालं, तेही एचआयव्हीच्या पेशंटच्या पोटात साठणाऱ्या चरबीसाठी, बायसेप्ससाठी नव्हे!

आता ऑनलाइन जी छोटी बाटली मिळते, तळाशी पांढरी पावडर, तिच्या लेबलवर बारीक अक्षरात ‘फक्त संशोधनासाठी’ असं बऱ्याचदा छापलेलं असतं, ते आधी वाचा. आत नक्की काय आहे, किती शुद्ध आहे, कोण बघणार? ग्रोथ हार्मोन वाढलं की अंगावर सूज, सांधेदुखी, साखर वाढणं हे होऊ शकतं, घरात डायबिटीस असेल तर जास्तच सांभाळा. आणि स्पर्धा खेळत असाल तर विषयच संपला, खेळातलं डोपिंग रोखणाऱ्या ‘वाडा’ या जागतिक संस्थेच्या बंदी यादीत आहे, ऑफ सीझनमध्येसुद्धा. खरंच हार्मोन कमी आहे असं वाटत असेल तर एंडोक्रिनोलॉजिस्टला, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरला दाखवा, ग्रोथ हार्मोनचा अंदाज देणारी आयजीएफ-१ ची टेस्ट रक्तातूनच होते.