लांब इंग्रजी शब्द कुठे तोडायचा, जोर कुठे द्यायचा?

प्रश्न असा: वेळासला कासवं बघायला आलेल्या परदेशी पाहुण्यांशी बोलताना 'अकॉमोडेशन', 'बायोडायव्हर्सिटी', 'फोटोग्राफी' हे शब्द त्यांना चटकन कळत नाहीत. स्पेलिंग पाठ आहे, मग चुकतं कुठे?

चुकतं ते आघातात. मराठीत आपण सगळी अक्षरं जवळपास सारख्या जोराने म्हणतो. इंग्रजीत लांब शब्दातला एक तुकडा ठसठशीत येतो आणि शेजारचे स्वर पुसट होऊन बहुधा आपल्या 'अ'कडे झुकतात.

तुकडे पाडताना स्पेलिंगमधले नव्हे, कानावर पडणारे स्वर मोजा. 'व्हेजिटेबल' लिहिताना चार स्वर दिसतात, बोलताना तीनच उरतात: व्हेज्-ट-बल.

आघातासाठी शब्दाचा शेवट बघा. शेवटी 'शन' किंवा 'इक' असेल तर लगेच आधीच्या तुकड्यावर जोर: अ-कॉ-म-डे-शनमध्ये 'डे'. ('कॉ'वरही थोडा, पण दुय्यम.) 'इटी', 'ग्राफी', 'लॉजी' असेल तर शेवटून तिसरा तुकडा धरा: बाय-ओ-डाय-व्हर्-सि-टीमध्ये 'व्हर्', बाय-ऑ-ल-जीमध्ये 'ऑ'. 'इंजिनिअर'सारख्या शब्दात मात्र जोर शेवटावरच. अपवाद आहेतच, 'पॉलिटिक्स' आणि 'अरेबिक' यांचा आघात पहिल्या तुकड्यावर असतो.

खरी गंमत 'फोटो'च्या कुटुंबात आहे. 'फोटोग्राफ'मध्ये जोर 'फो'वर. 'फोटोग्राफी' म्हणताच तो पुढे सरकतो, 'फो'चा 'फ' होतो आणि शब्द फ-टॉ-ग्र-फी असा ऐकू येतो. 'फोटोग्राफिक'मध्ये जोर आणखी पुढे, 'ग्रॅ'वर. म्हणजे मूळ शब्दाचा उच्चार येतो म्हणून साधित शब्दाचा येईलच असं नाही. आपण तिन्ही ठिकाणी 'फो-टो-ग्रा' कायम ठेवतो, तिथेच ऐकणारा अडतो.

छोट्या शब्दांतही सावध राहा. 'हॉटेल'चा जोर 'टेल'वर आहे. हापूसचं 'एक्सपोर्ट' हे नाम असेल तर जोर 'एक्स'वर, निर्यात करणे या अर्थाचं क्रियापद असेल तर 'पोर्ट'वर.

सराव शेवटाकडून करा: शन, डे-शन, म-डे-शन, कॉ-म-डे-शन, अ-कॉ-म-डे-शन. असं केलं की 'डे'वरचा जोर हलत नाही.

शंका आली तर शब्दकोशात उच्चार बघा. ध्वनिलिपीत वरची छोटी उभी रेघ मुख्य आघाताची, खालची दुय्यम आघाताची. रेघ ज्या तुकड्याच्या आधी असते, जोर त्याच तुकड्यावर द्यायचा.