सकर फिश काचेवरचं शेवाळ खातो, मग त्याला वेगळं खाणं द्यावं लागतं का?

तुम्ही लिहिलंय की दोन फुटी टँकमध्ये गोल्डफिशबरोबर एक सकर आहे, महिन्याभरात काचा लख्ख झाल्या, आणि दुकानदार म्हणतो त्याला वेगळं काही घालू नका, तो उरलंसुरलं खाऊन जगतो. हे खरं का, आणि घालायचं तर काय, असा तुमचा प्रश्न आहे. खरं नाही. घाला. काचा लख्ख झाल्या त्या दिवसापासून तुमचा मासा उपाशी आहे.

एवढ्या ठामपणे सांगतेय, कारण आमच्या घरात असाच एक सकर उपासमारीनं मेला. तो कशानं मेला यावर माझं आणि दादाचं आजही पटत नाही.

१९९६ सालची गोष्ट. आम्ही ठाण्याला दोन खोल्यांत राहायचो, मी आठवीत होते. दादा नुकताच नोकरीला लागला होता. पहिल्या पगारातून त्यानं काचवाल्याकडून दोन फुटी टँक जोडून घेतला आणि एका रविवारी क्रॉफर्ड मार्केटमधून मासे आणले. दोन गोल्डफिश, चार मॉली आणि बोटाएवढा एक सकर. परतीच्या लोकलमध्ये दोघांनी पिशव्या छातीशी धरल्या होत्या. टँक खिडकीशेजारी ठेवला, दुपारचं ऊन थेट काचेवर यायचं, त्यामुळे हिरवा थर भराभर चढला. सकरनं तो पंधरा-वीस दिवसांत साफ केला. येईल त्या पाहुण्याला बाबा ती काच दाखवायचे.

माशांना खायला घालायचं काम माझं. लाल गोळ्यांचा डबा होता, गोळ्या पाण्यावर तरंगायच्या, गोल्डफिश आणि मॉली मिनिटभरात सगळ्या फस्त करायचे. सकर खाली रेतीवर बसलेला. त्याचं तोंड अंगाच्या खालच्या बाजूला, खाणं तळाशी पोचेल तेव्हाच त्याला मिळणार, आणि तळाशी काही पोचतच नव्हतं. मी दादाला विचारलं, याला वेगळं काहीतरी देऊया का? तो म्हणाला, "त्याला आयतं मिळालं तर तो काच चाटायचा बंद होईल. आणलाय कशाला त्याला?" घरात तो नियमच झाला. मीही तो पाळला, हे मला अजून सलतं.

मग एका गोल्डफिशच्या अंगावर पांढुरके गोल डाग दिसायला लागले, एका कुशीवर तर खवले निघून आले होते. दुकानदारानं बुरशी सांगितली, दादानं निळं औषध आणून टाकलं. त्याच आठवड्यात एका रात्री मी पाणी प्यायला उठले, लाइट गेली होती म्हणून हातात बॅटरी होती. टँकवर उजेड पडला तर सकर गोल्डफिशच्या कुशीला घट्ट चिकटलेला, आणि गोल्डफिश त्याला घेऊनच कोपऱ्यात धडपडतोय. सकाळी सांगितलं तर दादा म्हणाला, झोपेत होतीस तू. मी झोपेत नव्हते. शेवाळ संपलं, दुसरं काही मिळालं नाही, की सकर रुंद, संथ माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडायला लागतो. गोल्डफिश ठेवणाऱ्या कितीतरी लोकांनी हे पाहिलंय. तुमच्या गोल्डफिशच्या कुशी आज नीट बघा.

चार दिवसांनी सकर फिल्टरमागे मेलेला सापडला. मी त्याला हातात घेऊन उलटा केला. पोट चमच्यासारखं आत गेलेलं, डोळेसुद्धा खोल. दादा म्हणाला, पाणी बाधलं, नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. आईनं तो मोगऱ्याच्या कुंडीत पुरला.

आता तुम्ही काय करायचं ते. काकडीचा इंचभर तुकडा घ्या, साल काढा, स्टीलच्या काट्याला टोचून काट्यासकट तळाशी सोडा, नाहीतर तो तरंगतो. टँकचा लाइट बंद केल्यावरच, कारण हा रात्री हिंडणारा मासा आहे आणि दिवसा घातलेलं गोल्डफिश संपवतात. दोडका आणि दुधी साल काढून दोन-तीन मिनिटं उकळून, मीठ अजिबात नको. पालक उकळत्या पाण्यात बुडवून काढा. मटार सोलून, वरची सालही काढून. भाजी आधी भरपूर धुवा, फवारणीचा अंश माशाला सोसत नाही. भाजी आठवड्यातून दोन-तीनदा, बाकीच्या रात्री तळाशी बसणारे शेवाळाचे वेफर. बोटाएवढ्या माशाला रोज अर्धा-एक वेफर पुरतो. काकडीत बहुतेक पाणीच असतं, म्हणून नुसत्या काकडीवर भागवू नका. उरलेली भाजी सकाळी काढायचीच. राहिली तर कुजते, अमोनिया वाढतो आणि मग खरंच पाणी बाधतं. पहिल्या रात्री त्यानं तोंड लावलं नाही तर घाबरू नका, नव्या खाण्याची ओळख व्हायला आठवडासुद्धा लागतो. भाजी बदलत राहा.

पोट भरतंय की नाही हे कळायला सोपी खूण आहे. तो काचेला चिकटला की बाहेरून त्याचं पोट दिसतं. हलकं गोलसर किंवा सपाट असेल तर ठीक. आत गेलेलं दिसलं तर त्याच दिवशी सुरुवात करा.

दुकानदाराच्या त्या 'उरलंसुरलं'बद्दल. सकर दुसऱ्या माशांची घाण खात नाही. उलट त्याची स्वतःची विष्ठा टँकमध्ये सगळ्यांत जास्त, लांब दोऱ्यांसारखी लोंबत असते. सफाईसाठी सकर घेणं हा हिशोबच चुकीचा आहे. काच पुसणं, सायफननं तळ उपसणं, पाणी बदलणं ही आपली कामं आहेत. मासा पाळलाय तर त्याला खायला घालायचं, तो कामाला ठेवलेला नाही.

दादानं नंतर दुसरा सकर आणला. या वेळी मी ऐकलं नाही. रोज रात्री सगळे झोपले की काकडी नाहीतर दोडका घालायचे आणि सकाळी आई उठायच्या आत काटा काढून ठेवायचे. तोच टँक, तोच फिल्टर, तेच नळाचं पाणी. तो मासा आमच्याकडे चार वर्षं जगला आणि फुटाला टेकला. गोल्डफिशच्या अंगावर पुन्हा डाग आले नाहीत. काकडी खाऊनसुद्धा तो काच चाटत होता, रोज, समोर दिसत होतं. मोठा झाल्यावर चाटणं कमी झालं, तेवढं दादाचं बरोबर, पण ते वयामुळे. लहानपणी शेवाळ जास्त खातात, मोठेपणी तेवढं नाही.

फुटाला टेकला म्हटलं, तर हेही सांगायला हवं. तुमचा दोन फुटी टँक, तो दोन बाय एक बाय एक असेल तर, काठोकाठ भरून ५६ लिटरचा. साधा सकर फुटाच्या पुढेही वाढतो, त्याला निदान पाच-सहा फुटी टँक हवा. शिवाय गोल्डफिशनाही ही जागा कमीच. जमलं तर सकर मोठा टँक असलेल्या माणसाला द्या आणि त्याच्याऐवजी ब्रिसलनोज, म्हणजे सकरचीच छोटी जात, घ्या. तो चार-पाच इंचांवर थांबतो. माझ्याकडे डोंबिवलीला एक आहे, आठ वर्षांचा. त्याला टँकमध्ये लाकडाचा तुकडा लागतो, तो खरवडत बसतो. लाकूड आधी उकळून घ्या, पाण्याला चहासारखा रंग येतो त्याची चिंता नको. जाळीनं मात्र यांना पकडू नका, पंखांचे काटे अडकतात, डब्यात धरा.

आणि काही झालं तरी तलावात किंवा नदीत सोडू नका. दुसरा सकर मावेना तेव्हा दादा म्हणाला होता, तलावपाळीत सोडून ये. मी सोडला नाही, ओळखीच्यांकडे सहा फुटी टँक होता तिथे पोचवला. हा मासा दक्षिण अमेरिकेतला. लोकांनी सोडून सोडून तो केरळात, आंध्रात, बंगालात, आपल्या उजनीतसुद्धा पसरलाय. अंगावर हाडांचं कवच, काटेरी पंख. मच्छीमारांची जाळी फाटतात आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही.

एक मान्य करते. पहिल्या वेळी ते निळं औषध पाण्यात होतं, शेवटच्या चार दिवसांत त्याचा त्रास झालाच नसेल असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण पोट औषधाच्या आधीच आत गेलं होतं, आणि औषध आलं ते डागांमुळे, डाग आले ते उपासामुळे. दिवाळीला विषय निघाला की दादा अजून पाण्यावरच घसरतो. पाणी चांगलं होतं, दादा. त्याच महिन्यात त्याच पाण्यात मॉलीनं पिल्लं दिली होती, आणि ती आपण दोघांनी चहाच्या गाळणीनं वेगळी काढली होती.