ताशी २५ मैलांच्या वाऱ्यात हरणाच्या शिकारीला जावं का? जा, पण मचाणावर चढू नका

तुम्ही विचारलंय की अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, रिचलँड काउंटीत नोव्हेंबरच्या बंदुकीच्या हंगामात पहिल्यांदाच जाताय, अंदाजात वायव्येचा ताशी २० ते २५ मैल वारा दाखवतोय, तर जावं की कॅम्पवर बसून राहावं, आणि .३०८ रायफलीने नेम किती बाजूला धरावा.

जा. वाऱ्याचा दिवस म्हणजे वाया गेलेला दिवस, हे मी इतक्या वर्षांत इतक्या लोकांच्या तोंडून ऐकलंय की आता उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही. पेनसिल्व्हेनियात पेन स्टेट विद्यापीठाच्या लोकांनी जीपीएस पट्टे घातलेल्या हरणांची चाल वाऱ्याच्या नोंदींशी ताडून पाहिली. वाऱ्याच्या दिवशी हरणं उलट जास्त चालली होती, आणि वाऱ्याच्या रात्री कमी. मग शिकाऱ्यांना ती दिसत का नाहीत? कारण शिकारी नेहमीच्याच मचाणावर बसतात आणि हरणं वाऱ्याच्या आडोशाला गेलेली असतात.

माझ्या मते शिकाऱ्याचा खरा शत्रू म्हणजे ३-४ मैलांची भिरभिरती झुळूक. ती दर पाच मिनिटांनी दिशा बदलते आणि तुमचा वास चारी बाजूंना नेते. एका दिशेने धरून वाहणारा १५-२० मैलांचा वारा त्यापेक्षा कितीतरी बरा. वास एका अरुंद पट्ट्यात जातो आणि पावलांचा आवाज झाडांच्या सळसळीत बुडतो. एरवी नोव्हेंबरात ओकच्या वाळक्या पाल्यावर चालणं म्हणजे पापड मोडत चालणं. वाऱ्याच्या दिवशी तोच पाला तुमच्या कामी येतो.

रिचलँडचा भाग लांब डोंगरधारांचा आणि मधल्या घळींचा आहे. वायव्येचा वारा धारेवरून येतो, म्हणजे आडोशाची बाजू आग्नेयेची, आणि सकाळचं ऊनही तिथेच. मोठे नर या उताराच्या वरच्या एक-तृतीयांश भागात बसतात. पाठीमागचं सगळं वारा नाकाला सांगतो, खालची घळ डोळ्यांना दिसते. आता यांच्याकडे जायचं कसं? धारेवरून चाललात तर वारा तुमचा वास थेट त्यांच्या पाठीवर टाकतो. खालून चढलात तर ती तुम्हाला बघतात. शिवाय धार ओलांडलेला वारा आडोशाला गोल वळून उतारावर परत वर चढतो, तो खालचा वास वर नेतो. म्हणून उताराच्या एका टोकाने शिरा आणि त्यांच्याच उंचीवर, समपातळीत, आडवे चाला. वारा सतत डाव्या किंवा उजव्या गालावर लागला पाहिजे. दोन्ही गालांवर आलटून पालटून लागू लागला की तुम्ही भोवऱ्यात आहात. तिथून मागे फिरा.

वारा तपासायला पावडरची बाटली वापरू नका. पावडर हाताच्या दोन फुटांवर वारा कुठे जातो तेवढंच सांगते. तिथल्या माळांवर मिल्कवीड उगवतं, आपल्या रुईच्याच कुळातलं. त्याच्या शेंगा फुटायच्या आत, सप्टेंबरात, गोळा करून ठेवा. शेंगेतली एक म्हातारी सोडली की ती चाळीस-पन्नास यार्डांपर्यंत डोळ्याला दिसत राहते. आधी सरळ जाते, मग झाडाच्या बुंध्यामागे खाली बुडी मारते, मग अचानक वर उचलली जाते. तिचा मार्ग तोच तुमच्या वासाचा मार्ग. वास मारणारे स्प्रे आणि वास शोषणारे कोळशाचे कपडे यांवर खर्च करण्यापेक्षा हे करा.

चाल अशी ठेवा. झोत आला की तीन-चार पावलं टाका, झोत ओसरला की थांबा आणि दुर्बिणीने बघा. थांबायचं ते बुंध्याला टेकून, म्हणजे तुमची आकृती झाडात मिसळते. अख्खं हरीण शोधू नका. सगळं रान डुलत असतं, त्यात जे डुलत नाही ते हरीण. उभ्या खोडांमध्ये एक आडवी रेघ, किंवा एक कान नुसता हललेला. तासाभरात शंभर-दीडशे यार्ड झाले तर वेग बरोबर आहे. बाकीचा दिवस असाच काढायची तयारी ठेवा. ८×४२ दुर्बीण (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरते. डोळ्यांना पाणी येतं म्हणून चष्मा लावा.

कोणाचा मका अजून उभा असेल तर वाऱ्यात तोही उत्तम, पण धनुष्यबाणासाठी. ओळी साधारण ३० इंचांवर असतात. वारा तोंडावर घेऊन ओळींना आडवं चालायचं. प्रत्येक ओळीत आधी फक्त डोकं घालून दोन्ही बाजूंना बघायचं, मगच पाऊल टाकायचं. रायफल मक्यात नेऊ नका. गोळीमागे काय आहे ते दिसत नाही, आणि हंगामात तिथे दुसरा माणूसही असू शकतो.

मचाणाचं. फांद्या आणि छोटी झाडं डुलू लागली म्हणजे वारा २० मैलांच्या आसपास, जाड फांद्या हलू लागल्या म्हणजे २५ च्या वर. त्या पातळीला मी कोणालाही वर चढू देत नाही. झाड डुलतं, नेम डुलतो, आणि वरची वाळकी फांदी कधी सुटेल ते सांगता येत नाही. अॅशच्या झाडाला तर अजिबात नको. एमराल्ड अॅश बोरर या किडीने २००८ पासून विस्कॉन्सिनची अॅशची झाडं मारली आहेत आणि ती मेलेली झाडं कडाकड मोडतात. त्यांच्या खाली थांबणंही टाळा.

आता नेमाचं. .३०८ ची १५० ग्रेनची (साधारण पावणेदहा ग्रॅमची) गोळी १० मैलांच्या आडव्या वाऱ्यात १०० यार्डांवर इंचभरसुद्धा सरकत नाही, २०० वर सव्वातीन-साडेतीन इंच, ३०० वर आठेक इंच. २५ मैलांना याच्या अडीचपट धरा: २०० वर आठ-नऊ इंच, ३०० वर जवळजवळ वीस. वारा ४५ अंशांतून आला तर साधारण ७० टक्के, ३० अंशांतून निम्मा. हरणाच्या हृदय-फुप्फुसाची जागा आठ-दहा इंचांची. पण घळीच्या मध्ये वारा वेगळा, तुमच्यापाशी वेगळा, आणि झोत १५ वरून २५ वर गेला की २०० यार्डांवर तीन इंचांचा फरक पडतो. म्हणून नेम बाजूला धरण्याचं गणित मी तुम्हाला शिकवणार नाही. अंतर कमी करा. १०० यार्डांच्या आत, बसून किंवा गुडघ्यावर, रायफल खोडाला टेकवून. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: हरीण आडवं उभं असून तोंड वाऱ्याकडे असेल तर वारा गोळीला पोटाकडे ढकलतो. अशा वेळी नेम खांद्याला चिकटून पुढे ठेवा. 'मी तीनशेवर वारा वाचून मारतो' म्हणणाऱ्यांशी माझा जुना वाद आहे आणि तो सुटणार नाही. कागदावर मारता, मान्य. कागदाला पोट नसतं.

गोळी झाडल्यावर वाऱ्याचा खरा त्रास सुरू होतो. गोळी लागल्याचा आवाज ऐकू येत नाही. हरीण उभं होतं ती जागा आणि शेवटचं दिसलं ती जागा, दोन्ही झाडांवर नारिंगी फीत बांधून पक्की करा. रक्त लागलेलं पान वीस फूट उडून भलतीकडे पडतं, त्यामुळे सुट्या पानांवरचं रक्त धरून चालू नका. उभं गवत, खोडं, पडलेले ओंडके, दगड यांवरचं बघा. फेसाळ गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस, अर्धा तास थांबा. काळपट लाल म्हणजे यकृत, चार ते सहा तास. हिरवट आणि घाणेरडा वास असेल तर आठ ते बारा तास. माग पुसला जाईल या भीतीने ही वेळ कमी करू नका. पोटात लागलेलं हरीण लवकर उठवलं तर ते मैलभर जातं.

काही गोष्टी राहिल्या. कमरेवरच्या बाहेरच्या कपड्यांचा निम्मा भाग चमकदार नारिंगी किंवा गुलाबी असणं विस्कॉन्सिनात सक्तीचं आहे, टोपी घातली तर तिचाही. १ जानेवारी १९७३ ला किंवा नंतर जन्मलात तर शिकारी प्रशिक्षण लागतं. एच-१बी सारख्या व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला अपवाद, म्हणून आधी परवाना, मग मित्राची रायफल हातात, अगदी सरावालासुद्धा. हरीण मिळालं तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५ च्या आत नोंद करा. आणि हे वाचणारे भारतात असतील तर यातलं काहीही तिथे लागू नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने चितळ, सांबर, काळवीट यांच्या शिकारीवर बंदी आहे.