गरोदर बाईला लोक काहीही बोलतात, त्यांना काय उत्तर द्यायचं?

तू लिहिलंयस की सहावा महिना चालू आहे, ऑफिसात, सोसायटीत, नातेवाइकांत जो तो पोटाकडे बघून काहीतरी बोलतो, कुणी जुळं आहे का विचारतं, कुणी मुलगीच होणार म्हणून सांगून मोकळं होतं, उलट बोलायला जीभ रेटत नाही आणि गप्प बसलं की रात्रभर तेच डोक्यात फिरतं, आणि बाकीच्यांनाही हे ऐकावं लागतं का. वयाने लहान असशील असं धरून अगं-तुगं करते हां. मी दोन मुलींची आई, माहेर सासर दोन्ही सातारा जिल्ह्यात, राहते पुण्यात, त्यामुळे अनुभवाला तोटा नाही. सगळ्यांना ऐकावं लागतं. आणि नीट बघितलंस तर या सगळ्या बोलण्यात एक गोष्ट सारखी दिसेल, जे बाईच्या हातात अजिबात नसतं नेमकं तेच तिच्या नावावर मांडतात.

पोटाचंच घे. "एवढंसंच दिसतंय, खातेस का नाही?" सकाळी लिफ्टमध्ये, आणि संध्याकाळी त्याच लिफ्टमध्ये दुसऱ्या काकू "बाई गं, केवढं मोठं, जुळं तर नाही ना?" पोट एकच, दिवस एकच. पोट कसं दिसतं ते तुझ्या उंचीवर, पोटाच्या स्नायूंवर, पहिली खेप की दुसरी आणि बाळ आत कसं आडवं-उभं आहे यावर असतं. डॉक्टर टेप लावून ओटीपोटाच्या हाडापासून गर्भाशयाच्या वरच्या टोकापर्यंत मोजतात ना, ते पाचव्या महिन्यानंतर साधारण जितके आठवडे तितके सेंटिमीटर येतं, दोन इकडेतिकडे. म्हणजे तुझं आता 24 ते 26च्या आसपास असेल. कुणी काही म्हणालं की मी सरळ सांगायचे, कालच टेप लावला, बरोबर आहे. आकडा सांगितला की समोरच्याला पुढे बोलायला काही राहत नाही.

मुलगा-मुलगी मात्र असं एका आकड्यात मिटत नाही. माझ्या डोहाळजेवणात दोन वाट्या झाकून ठेवल्या होत्या, एकीत पेढा एकीत बर्फी, मी उचलली तर बर्फी निघाली. हॉलमध्ये तीसेक बायका, हिरवी साडी, फुलांचे दागिने, ओटी भरणं चाललेलं, आणि एकदम सगळ्यांचे आवाज खाली. मग नवऱ्याची आत्या म्हणाली, "असू दे असू दे, ही ट्रायल होती, परत उचल." आणि तिने स्वतःच्या हाताने वाट्यांची अदलाबदल केली! सगळ्या हसल्या, मीही हसले, काय करणार. दुसऱ्यांदा पेढा आला आणि टाळ्या वाजल्या. फोटोतही पेढाच आहे.

आत्या तेवढ्यावर थांबली नाही, जेवताना परत सुरू, "पहिला मुलगा झाला की कसं, बाई सुटते." तेव्हा माझा नवरा, जो एरवी आत्यापुढे ब्र काढत नाही, वाढता वाढता म्हणाला, "आत्या, मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं, एक्स की वाय ते माझ्याकडून जातं, हिच्याकडे दोन्ही एक्सच. तुला काय सांगायचं ते मला सांग." हे आपण शाळेत दहावीच्या आसपास शिकतो बरं का सगळे. आत्या म्हणाली तुम्ही आता फार शिकलात. पण त्यानंतर मला काही बोलली नाही, त्यालाच बोलायची. तुला पहिला सल्ला हाच, सासरच्यांना नवऱ्याने उत्तर द्यायचं आणि माहेरच्यांना तू. सुनेने तेच वाक्य बोललं की उद्धट, मुलाने बोललं की स्पष्टवक्ता, हे चूक आहे पण आहे असं.

सोनोग्राफी करून आलीस की "डॉक्टरांनी काही हिंट दिली का, पेढे का जिलेबी?" हेही येईल. तिथे मात्र हसण्यावारी नेऊ नकोस. लिंग सांगणं, शब्दांनी काय खुणेने काय, 1994च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि आपल्या महाराष्ट्राने तर त्याच्याही आधी 1988मध्ये स्वतःचा कायदा केला होता. आणि तरीही 2011च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे राज्यात 894 मुली, बीडमध्ये तर 800च्या जेमतेम वर. त्यामुळे "गंमत केली गं" हे मला पटत नाही, ज्या घरात अशी गंमत चालते तिथेच पुढचं बोलणं सुरू होतं.

आता जे लिहायला जड जातं ते. दोन मुलींच्या मध्ये माझा एक गर्भ तिसऱ्या महिन्यात पडला. दवाखान्यातून घरी आले तर "स्कूटी चालवत होतीस ना?", "काही जड उचललं असशील", "पपई खाल्लीस का?", "ग्रहणात बाहेर पडली होतीस ना, मी तेव्हाच म्हणणार होते". आणि सगळ्यात वर, "बरं झालं लवकरच गेलं, एक आहे ना पदरात." माझ्या डॉक्टरने मला समोर बसवून सांगितलं होतं की कळलेल्या गरोदरपणांपैकी शंभरात दहा ते पंधरा असे जातात आणि सुरुवातीच्या महिन्यांतल्या साधारण निम्म्यांमागे गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो, स्कूटीचा, जिन्याचा काही संबंध नाही. मला हे पाठ होतं. तरी रात्री तो स्कूटीचा रस्ता आठवायचाच, कुठला खड्डा, कुठला स्पीडब्रेकर. बोलणारी बाई चहा पिऊन घरी जाऊन विसरली असेल. त्या आठवड्यात खालच्या मजल्यावरची एक मावशी, तिची माझी ओळख फक्त दूधवाल्यापुरती, दारात आली, "मऊ भात न् मेतकूट आणलंय, डब्याची घाई नाही" एवढं बोलून गेली. तूप वेगळं दिलं होतं छोट्या डबीत. काय बोलावं सुचत नसेल तर लोकांनी हे करावं ना.

बाळंतपण कसं झालं यावरही मार्क असतात. सिझर झालं की "हल्लीच्या मुलींना कळा नकोत", नॉर्मल झालं की "मग काय सुटलीस". पोटाचे थर कापून शिवतात आणि दुसऱ्या दिवशी चालायला लावतात, यात सोपं काय ते एकदा करून बघा म्हणावं. "आमच्या वेळी घरीच पाच-पाच झाली" हे ऐकवतील तेव्हा लक्षात ठेव, ऐकवायला ज्या वाचल्या त्याच उरल्यात. 1990च्या सुमारास देशात लाख बाळंतपणांमागे साडेपाचशेच्या घरात आया जात होत्या असा अंदाज आहे, 2018-20च्या सरकारी आकड्यात तेच 97, महाराष्ट्रात 33. उगाच नाही कमी झाले.

दुधाचं तर विचारूच नकोस. बाळंतविडा घेऊन येणारी प्रत्येक बाई आधी बाळाकडे बघते मग माझ्या छातीकडे, आणि सासरे पेपर वाचत बसलेत तिथेच मोठ्याने "पुरतं का गं दूध?" बाळ रडलं की "भुकेलंय, वरचं चालू कर", झोपलं की "अशक्तपणाने झोपतंय". जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन सात-दहा टक्क्यांपर्यंत उतरतं, दहा-चौदा दिवसांत परत येतं, हे दवाखान्यातल्या सिस्टरने आधीच सांगितलं होतं म्हणून मी टिकले, नाहीतर "वाळलंय गं पोर" ऐकून मीच पावडरच्या दुधाचा डबा आणायला पळाले असते. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा-सात वेळा लंगोट ओले होतायत आणि वजन वाढतंय, की बाळाला पुरतंय असं समजायचं. अळीवाची खीर, डिंकाचे लाडू आवडीने खा, पण कुणाच्या टोमण्यावर उपाय म्हणून नको. केशराच्या दुधाचंही तेच, चव छान असते, रंग आईबापाकडूनच येतो.

दुसरीही मुलगी झाली तेव्हा पेढ्याच्या दुकानातला माणूससुद्धा "अच्छा, दुसरी पण" म्हणाला. आणि मग वर्षभर "तिसरा चान्स घेणार का?" हे सगळं मोठीच्या देखत, जणू ती पोर म्हणजे फर्निचर. परिणाम काय, एक दिवस सोसायटीच्या गणपतीच्या आरतीनंतर, प्रसादाच्या रांगेत, भरल्या मांडवात ती मला विचारते, "आई, आपण चान्स कधी घेणार?" शेजारच्या ज्या काकूंचा हा आवडता विषय त्या तिथेच खिरापतीची वाटी घेऊन उभ्या. मी म्हटलं, काकूंना विचार, त्यांनाच माहितीय. त्यांनी नंतर विषय काढला नाही.

बापालाही सोडत नाहीत, पण तिथे उलटं. नवरा बाळाला कडेवर घेऊन खाली गेला की "वा, काय हौशी बाप", नाहीतर "बायकोने ड्यूटी लावली वाटतं". आणि मला ऑफिसात "26 आठवडे पगारी सुट्टी, मजा आहे". ती सुट्टी 2017पासून कायद्याने आहे, साहेबांच्या खिशातून नाही, आणि मजा बघायची तर रात्री तीनला या म्हणावं.

मग काय बोलायचं? अनोळखी माणसाला काहीच नाही, रिक्षावाल्याला, ट्रेनमधल्या बाईला "बरं" म्हण आणि मोबाईलमध्ये बघ. पोटाला हात लावायला आलं कुणी तर हात धरून बाजूला कर आणि वर हस, हसलं की भांडण होत नाही. ऑफिसातल्या पुरुषाने वजनावर बोललं तर एकदाच, सगळ्यांसमोर, "माझ्या वजनावर बोलू नका", पुढे स्पष्टीकरण नको. घरातल्या म्हाताऱ्या बायकांसाठी माझ्याकडे वेगळा उपाय आहे, त्यांनाच विचारायचं, तुमच्या वेळी तुम्हाला काय काय बोलायचे? माझ्या सासूबाई, ज्या मला रोज पोटावरून काहीतरी ऐकवायच्या, त्या दिवशी मेथी निवडता निवडता तासभर बोलल्या, एक मूल गेलं होतं त्यांचंही, ते कुणी कधी विचारलंच नव्हतं, दोष मात्र दिला होता. बोलणं बंद नाही झालं त्यांचं, खोटं कशाला सांगू, पण धार गेली. आत्यावर हा उपाय चालला नाही. काही माणसं तशीच राहतात, त्यांचा फोन नवऱ्याकडे द्यायचा.

आणि एक, तू झोप लागत नाही लिहिलंस म्हणून. आता किंवा बाळ झाल्यावर, बाळ झोपलेलं असतानाही झोप येत नसेल, सारखं रडू येत असेल, मीच वाईट आई असं दोन आठवड्यांच्या वर वाटत राहिलं तर तो टोमण्यांचा विषय उरत नाही, पाचातल्या साधारण एका बाईला बाळंतपणानंतर असं नैराश्य येतं आपल्या देशात. "आमच्या वेळी नव्हती असली थेरं" म्हणणाऱ्यांना न विचारता डॉक्टरला सांग, नाहीतर 14416ला फोन लाव, मानसिक त्रासासाठीची सरकारची टेली-मानस लाइन आहे, पैसे पडत नाहीत, मराठीतून बोलतात.