खड्डा बुजवण्याआधी तो नीट बघा

तुम्ही विचारलंय, की इंदिरानगरच्या रो हाऊसच्या अंगणात तुमचा दीड वर्षाचा लॅब्राडॉर रोज खड्डे करतो, मोगरा दोनदा उपटून टाकला, आणि घरची मंडळी म्हणतात दिवसभर बांधून ठेवा. तर काय करावं?

बांधून ठेवू नका, ही पहिली विनंती. बांधलेला कुत्रा साखळी पुरेल तेवढ्या जागेत उकरतो आणि वर दिवसभर भुंकतो. मी नाशिकच्याच मखमलाबादला राहते. आमची चिंगी देशी आहे, सात वर्षांची, आणि पहिली दोन-तीन वर्षं आमचं अंगणही असंच चाळण झालं होतं. आमची चूक एकच होती: खड्डा दिसला की फावडं घेऊन बुजवायचो. तो कुठे आहे, केवढा आहे, कोणत्या वेळी केलाय हे कधी पाहिलंच नाही. कुत्रा काय मागतोय ते त्या खड्ड्यातच कळतं.

चिंगीचे उन्हाळ्यातले खड्डे सगळे पाण्याच्या टाकीच्या सावलीत, नळाखालच्या ओल्या मातीत असायचे. उथळ, परातीएवढे. खणून झालं की पोट मातीला टेकवून, मागचे पाय बेडकासारखे पसरून पडायची आणि हळूहळू तिची धाप कमी व्हायची. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि थोडाफार घाम पंजांच्या गाद्यांना येतो. एप्रिल-मेमध्ये नाशकात पारा ४० अंशांपर्यंत चढतो आणि तुमच्या लॅब्राडॉरच्या अंगावर तर केसांचे दोन थर आहेत, थंड पाण्यात पोहण्यासाठी आलेले. तो गारवा शोधणारच. मोगराच का उपटला असेल? रोज पाणी मिळतं म्हणून त्याच्या आळ्यातली माती अंगणात सगळ्यात गार असते. द्राक्षबागेवाल्यांकडे मिळते तसली शेडनेट एका कोपऱ्यावर ताणा, खाली ओलं गोणपाट टाका, पाण्याचं पसरट भांडं ठेवा. पत्र्याची शेड मात्र नको, तिच्याखाली भट्टी होते.

खड्डा अरुंद, खोल आणि भिंतीलगत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे बहुधा घूस आहे. घुशीच्या बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग असतो. चिंगी तिथे आधी मान तिरकी करून, एक कान जमिनीकडे लावून अगदी स्तब्ध उभी राहायची, आणि मग अशी सुटायची की मागच्या चुन्याच्या भिंतीवर मातीचे शिंतोडे उडायचे. अशा कुत्र्याला रागावून उपयोग नाही, घूस काढायला हवी. ती पिंजऱ्याने काढा, विषाने नको. कुत्रा ते विष उकरून खातो, आणि विषाने मेलेली घूस खाल्ली तरी त्याला बाधू शकते. घुशीच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा आजार पसरतो, म्हणून कुत्र्याच्या वार्षिक लसीत लेप्टो आहे का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा.

आता जे सांगते ते नाशिककरांनी तरी नीट वाचावं. मी ओला कचरा वाफ्यातच पुरायची. एका फेब्रुवारीत ओळखीच्यांच्या बागेतून आलेल्या क्रेटमधली नासकी द्राक्षं मी गुलाबाच्या वाफ्यात पुरली. दुपारी बघते तर वाफा उकरलेला, आणि चिंगीच्या नाकाला माती आणि द्राक्षाची सालं चिकटलेली. संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या. द्राक्षं आणि मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक असतात, आणि किती खाल्ल्यावर त्रास होईल याचा काही नेम नसतो. दोन दिवस सलाईन लावलं, मूत्रपिंडं नीट चालताहेत का हे बघायला रक्तातलं क्रिएटिनिन तपासलं, आणि ती वाचली. कुत्र्याने द्राक्षं खाल्ली तर उलटी होण्याची वाट बघू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या. तसंच खतांचं. हाडांच्या चुऱ्याचा वास त्याला खाण्याचाच वाटतो, तो ते झाड उकरणारच. आणि एरंडी पेंड घातली असेल तर आजच काढा. तिच्यात रायसिन नावाचं विष राहिलेलं असू शकतं, आणि कुत्रे ती आवडीने खातात. मी आता फक्त चांगलं कुजलेलं शेणखत वापरते आणि ओला कचरा झाकणाच्या ड्रममध्ये टाकते.

फाटकाखाली उकरत असेल तर त्याला बाहेर जायचंय. दीड वर्षाच्या नराचं हे वयच आहे. नसबंदीबद्दल डॉक्टरांशी बोला आणि फाटकालगत शहाबादी फरशी उभी गाडून टाका.

आणि खड्डे कुठेही, कसेही, विशेषतः तुम्ही कामावर गेल्यावर होत असतील तर तो कंटाळलाय. त्यावर आमच्याकडे खरा उपाय ठरला तो कुत्र्याच्या हक्काचा खड्डा. अंगणाच्या सावलीच्या कोपऱ्यात चार बाय तीन फुटांची जागा विटांनी आखली, दीड-दोन फूट माती काढली आणि घमेल्यांनी वाळू भरली. पहिले काही दिवस चिंगीच्या डोळ्यांदेखत तिचा रबरी चेंडू, भाकरीचा तुकडा, गाजर त्यात अर्धवट पुरायचे आणि म्हणायचे, "चिंगी, इथे!" तिने तिथे पाय मारला की कौतुक आणि खाऊ. दुसरीकडे उकरताना दिसली की न ओरडता उचलून वाळूत आणायची. दोन-तीन आठवडे लागले. मग मी वस्तू खोल पुरायला लागले. शिजवलेली हाडं मात्र पुरू नका, त्यांची कुसळं होतात आणि आतड्यात रुततात. याच्या जोडीला सकाळी उन्हं तापायच्या आत पाऊण तास फिरवून आणा, आणि वाटेत त्याला मनसोक्त हुंगू द्या. निम्मा दमतो तो हुंगण्यानेच.

खड्ड्यात तिखट टाका, डांबराच्या गोळ्या टाका, असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. तिखटाने डोळे-नाक भाजतं, आणि डांबराच्या गोळ्या विषारी असतात. संध्याकाळी घरी येऊन सकाळच्या खड्ड्याबद्दल मारणं तर अगदी चुकीचं. त्याला खड्ड्याचा आणि माराचा संबंध लागत नाही, तुम्ही घरी आलात की मार बसतो एवढंच तो शिकतो.

मोगरा सध्या मोठ्या कुंडीत काढून गच्चीवर ठेवा. पाऊस सुरू झाला की परत जमिनीत लावा. लावताना बुंध्याभोवती कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती तारेची जाळी मातीखाली दोन इंचांवर आडवी पसरा, कडा खाली दुमडा म्हणजे पंजाला लागणार नाहीत, आणि आळ्यात मुठीएवढे गोटे मांडा.