70 मीटरचा नेम आणि रानातला नेम

डिचोलीच्या तिरंदाजी मंडळातल्या सदस्यांचे म्हणणे असे आहे की, 70 मीटरवर ज्याचे बाण लक्ष्याच्या मधल्या पिवळ्या भागात बसतात त्याचा नेम 20 मीटरवरच्या शिकारीत चुकणे शक्यच नाही. नुसत्या हिशेबाने हे खरे आहे. ऑलिंपिक रिकर्व्हच्या (टोके पुढे वळलेल्या धनुष्याच्या) 122 सेंटिमीटर लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ 12.2 सेंटिमीटरचे असते. हरणाचे मर्मस्थान सुमारे 20 सेंटिमीटरचे धरले, तर 20 मीटरवर ते साधणे म्हणजे 70 मीटरवर 70 सेंटिमीटरच्या वर्तुळात, जवळजवळ निळ्या पट्ट्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत कुठेही बाण लावणे होय. होतकरू विद्यार्थ्यालाही ते जमते.

मात्र मैदानावर अंतर आधीच मोजलेले असते, साइट (धनुष्यावरचे नेम धरायचे साधन) त्याच अंतराला लावलेली असते आणि पहिला बाण खाली गेला तर पुढच्याला दुरुस्ती करता येते. रानात यातले काहीच हाताशी नसते. बाणाचा वेग सेकंदाला 60 मीटर धरा; साइट 20 मीटरला लावली आणि जनावर प्रत्यक्षात 25 मीटरवर असले, तर बाण सुमारे 17 सेंटिमीटर खाली लागतो. म्हणजे हात जराही न हलता, केवळ अंदाज पाच मीटरने चुकल्यामुळे, मर्मस्थान हुकते आणि जनावर जखमी होऊन पळते. शिवाय 20 मीटर जायला बाणाला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो. प्रत्यंचेचा आवाज त्याच्या कितीतरी आधी पोहोचतो आणि सावध हरीण तेवढ्यात खाली दबते. रुंद पात्याचे शिकारी टोक वाऱ्यावर भरकटते, ते वेगळेच.

म्हणून शिकारीची अचूकता बाणांच्या झुपक्यावरून मोजू नये; पहिला, एकमेव बाण कुठे लागला आणि कोणता बाण सोडलाच नाही, यावरून ती ठरते, असे माझे मत आहे.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, तेव्हा काजूच्या बागेत शिरणाऱ्या रानडुकरावर हा प्रयोग कोणी करू नये. खुमखुमी असेल त्यांच्यासाठी थ्रीडी तिरंदाजी आहे: प्राण्यांच्या प्रतिकृती आणि न सांगितलेले अंतर. सरावासाठी बागेतल्या झाडांची अंतरे आधी नजरेने सांगावीत, मग टेपने मोजावीत. बाण त्यानंतर, सुरक्षित आडोशासमोर, अंग तापवण्याआधी एकच सोडावा.