वाचकांचे प्रश्न : माचू पिचूचा दुसरा डोंगर

प्रश्न : आम्ही दोघे लवकरच पेरूला जाणार आहोत. तेथील माचू पिचू या प्राचीन इंका शहराच्या प्रत्येक छायाचित्रात अवशेषांच्या मागे जो सुळका दिसतो, त्या वायना पिचूवर चढण्याची आमची फार इच्छा होती. परंतु आमच्या तारखांची त्याची सर्व तिकिटे संपली आहेत. त्याऐवजी ‘माचू पिचू डोंगर’ नावाचा पर्याय सुचवण्यात आला आहे. या डोंगराविषयी आम्ही कधी काही ऐकले नव्हते. केवळ शिल्लक राहिलेले तिकीट म्हणून तो घ्यावा, की अवशेष पाहून परतावे?

उत्तर : तो अवश्य घ्यावा, आणि दुय्यम पर्याय म्हणून तर मुळीच घेऊ नये. माझ्या मते, ज्यांना हे शहर समजून घ्यायचे आहे त्यांनी दोन्ही शिखरांची तिकिटे उपलब्ध असतानाही याच डोंगराचा आधी विचार करावा.

माचू पिचूचे अवशेष समुद्रसपाटीपासून सुमारे 2430 मीटर उंचीवर, दोन शिखरांना जोडणाऱ्या खिंडीवर वसलेले आहेत. उत्तरेला वायना पिचू आहे, त्याची उंची 2700 मीटरच्या आसपास. दक्षिणेला माचू पिचू डोंगर आहे, त्याची उंची जवळजवळ 3080 मीटर. शहराला नाव मिळाले ते या दक्षिणेकडच्या डोंगरावरून. तरीही छायाचित्र घेणारा माणूस त्याच्याच उतारावर, त्याच्याकडे पाठ करून उभा असल्यामुळे चित्रात तो कधी येत नाही आणि सगळी कीर्ती समोरच्या सुळक्याला मिळते.

वायना पिचूच्या माथ्यावरून शहर दिसते, पण वायना पिचू अर्थातच दिसत नाही. दक्षिणेच्या डोंगरावरून मात्र शहर, त्यामागचा सुळका आणि या दोहोंना तीन बाजूंनी वळसा घालून वाहणारी उरुबांबा नदी असा सारा पट एका नजरेत येतो. इतक्या उंचीवरून घरे आगपेटीएवढी दिसतात, हे खरे आहे, आणि दगडकामाचे बारकावे पाहण्याची अपेक्षा ठेवून वर गेल्यास निराशा होईल. परंतु पंधराव्या शतकात, इंका सम्राट पाचाकुतीच्या काळात, बांधणाऱ्यांनी नेमकी हीच खिंड का निवडली असावी, या प्रश्नाचे उत्तर शोधायला याहून चांगली जागा नाही.

ब्राझीलचे भूवैज्ञानिक रुआल्दो मेनेगात यांनी 2019 मध्ये असे मांडले की, हे शहर भूस्तरातील अनेक भ्रंशरेषा (खडक तुटून सरकल्याने पडलेल्या भेगा) जिथे एकमेकींना छेदतात तिथे मुद्दाम वसवले गेले. भ्रंशांमुळे तेथील ग्रॅनाइट आधीच तडकलेला होता. त्यामुळे बांधकामाला लागणारा दगड जागीच मिळाला, शिवाय पावसाचे पाणी मुरून जाण्यास वाटही मिळाली. वरून पाहताना नदीची वळणे आणि डोंगरांच्या सोंडा काही ठरावीक दिशांनीच कापल्यासारख्या का दिसतात, याचा विचार हे लक्षात ठेवून करावा.

या डोंगराचे महत्त्व पटवणारी आणखी एक गोष्ट पाण्याची आहे. शहराला पिण्याचे पाणी मिळत असे ते याच डोंगराच्या उत्तर उतारावरील झऱ्यातून. अमेरिकन जलअभियंते केनेथ राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात या व्यवस्थेची तपशीलवार पाहणी केली. झऱ्याचे पाणी गोळा करण्यासाठी उतारावर सच्छिद्र दगडी भिंत बांधलेली आहे आणि तिथून 749 मीटर लांबीचा दगडी पाट शहरापर्यंत आणलेला आहे. हा पाट वीतभरही रुंद नाही, आणि त्याचा उतार इतका बेताचा राखलेला आहे की पाणी उसळून बाहेर सांडत नाही. शहरात शिरल्यावर ते एकाखाली एक अशा 16 कारंज्यांतून उतरत जाते. त्यांतील पहिले कारंजे सम्राटाच्या निवासाशेजारी आहे, म्हणजे सर्वांत स्वच्छ पाणी आधी त्याला मिळे. शहरात हिंडताना ही कारंजी दिसली, तर त्यांच्या धारेचा उगम कोणत्या डोंगरात आहे, याची आठवण ठेवावी.

तिकिटाबाबत एक सावधगिरीची सूचना करणे आवश्यक आहे, कारण इथे अनेकांची फसगत होते. जून 2024 पासून अवशेषांची पाहणी तीन परिक्रमांमध्ये, म्हणजे ठरावीक फेऱ्यांमध्ये, विभागण्यात आली असून माचू पिचू डोंगराचा मार्ग पहिल्या परिक्रमेत, तर वायना पिचूचा तिसऱ्या परिक्रमेत येतो. पहिली परिक्रमा उतारावरील वरच्या सपाट टप्प्यांवरून जाते. तिथून सुप्रसिद्ध दृश्य दिसते, पण शहराच्या आत पाऊल टाकता येत नाही. मंदिरे, चौक आणि घरे जवळून पाहायची असतील, तर दुसऱ्या परिक्रमेचे वेगळे तिकीट काढावे लागते. प्रौढ परदेशी नागरिकांसाठी 2024 च्या फेररचनेनंतर डोंगरासह तिकीट 200 सोल (पेरूचे चलन) आणि साधे तिकीट 152 सोल होते. जाण्यापूर्वी चालू दर पाहून घ्यावेत. एकदा बाहेर पडल्यावर त्याच तिकिटावर पुन्हा प्रवेश मिळत नाही. तिकिटावरील नाव आणि पासपोर्टवरील नाव तंतोतंत जुळले पाहिजे, आणि मूळ पासपोर्ट जवळ बाळगावा. शक्य असल्यास शहर एका दिवशी आणि डोंगर दुसऱ्या दिवशी असे नियोजन करावे.

प्रश्न : माझे वय 61 आहे. नियमित चालण्याची सवय आहे, मात्र उतरताना गुडघे दुखतात आणि खोल दरीकडे पाहिले की भीती वाटते. हा डोंगर मला झेपेल काय?

उत्तर : चालण्याची सवय असेल तर चढ झेपण्यासारखा आहे, खरी परीक्षा उतरताना होईल. अवशेषांपासून माथ्यापर्यंत सुमारे 650 मीटर चढायचे असते आणि त्यांतील बहुतेक भाग दगडी पायऱ्यांचा आहे. या पायऱ्या एका मापाच्या नाहीत. एक पायरी घोट्याएवढी, तर पुढची गुडघ्यापर्यंत येणारी. काही ठिकाणी तर पूर्ण पाऊल मावणार नाही इतकी अरुंद. सावलीतल्या दगडांवर शेवाळ असते आणि रात्री पाऊस पडून गेला असेल तर ते सकाळी निसरडे होते. त्यामुळे चालण्याची एक लय सापडत नाही आणि सपाटीवर रोज काही किलोमीटर चालणाऱ्या माणसालाही धाप लागते. वर जाण्यास साधारण दीड ते दोन तास लागतात. आपण अडीच तास धरावेत आणि दर काही वळणांनंतर दम खात जावे.

उतरताना पाऊल आडवे टाकावे, उंच पायरीवर हाताचा आधार घ्यावा आणि घाई करू नये. काठी नेण्यास एरवी मनाई असली, तरी वयस्कर व्यक्तींना रबरी टोपण असलेली काठी वापरता येते. टोकदार धातूची काठी प्रवेशद्वारावरच अडवली जाते. पायथ्याच्या आग्वास कालिएन्तेस गावातून प्रवेशद्वारापर्यंत पायऱ्यांची वाट आहे, पण त्या दिवशी गुडघे डोंगरासाठी राखून ठेवावेत आणि बसनेच वर जावे. प्रवासाच्या आधी दोन महिने तरी जिने चढण्या-उतरण्याचा, त्यांतही उतरण्याचा, सराव करावा. गुडघ्यांच्या डॉक्टरांचा सल्ला त्याआधी घेतलेला बरा.

उंचीच्या भीतीविषयी सांगायचे तर, वायना पिचूच्या तुलनेत ही वाट पुष्कळ रुंद आहे आणि बराचसा भाग झाडीतून जातो. माथ्याजवळ मात्र काही पायऱ्यांची एक बाजू उघडी आहे. तिथे डोंगराच्या अंगाने चालावे, नजर पुढच्या पायरीवर ठेवावी आणि दृश्य पाहायचे असेल तेव्हा पूर्ण थांबून मगच पाहावे. माथा गाठलाच पाहिजे, असे स्वतःवर बंधन घालू नये. निम्म्या चढावरूनही शहर आणि नदीचे वळण उत्तम दिसते, आणि तिथून परतणाऱ्याने काही गमावले असे मी म्हणणार नाही.

आणखी एक गोष्ट संकोच न करता सांगतो. आत कुठेही स्वच्छतागृह नाही. ते प्रवेशद्वाराबाहेर आहे. चार तासांच्या चालीसाठी आत जाण्यापूर्वीच तिथे जाऊन यावे. पाणी एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीत नेता येत नाही, म्हणून धातूची बाटली बरोबर घ्यावी.

प्रश्न : आग्वास कालिएन्तेस गावाजवळ पुतुकुसी नावाचा डोंगर असून त्यावर विनातिकीट चढता येते, असे एका मित्राने सांगितले. आम्ही तरुण आहोत आणि गिर्यारोहणाचा थोडा अनुभव आहे. तिथे जावे काय?

उत्तर : वाट अधिकृतपणे खुली असल्याची खात्री गावातच, त्याच दिवशी झाली तर जावे, अन्यथा जाऊ नये.

पुतुकुसी हा नदीपलीकडचा, घुमटासारखा गोल माथ्याचा ग्रॅनाइटचा डोंगर आहे. त्याची उंची सुमारे 2560 मीटर, म्हणजे गावापासून जवळजवळ 500 मीटरचा चढ. रेल्वेमार्गाजवळून वाट सुरू होते, दाट जंगलात शिरते आणि मग सरळ उभ्या कातळाला भिडते. या कातळावर लाकडी शिड्या बसवलेल्या होत्या आणि त्यांवरूनच वर जावे लागे. त्या प्रदेशात वर्षाला सुमारे 2000 मिलिमीटर पाऊस पडतो. दरडी कोसळून शिड्यांची मोडतोड होणे आणि वाट दीर्घकाळ बंद राहणे, हे तिथे वारंवार घडलेले आहे.

पूर्वी चढून गेलेल्यांची वर्णने वाचून मोह होतो, हे मी समजू शकतो. माथ्यावरून संपूर्ण माचू पिचू समोरून, पूर्वेच्या बाजूने, दोन शिखरांच्या मधोमध टांगल्यासारखे दिसते. असे दृश्य अवशेषांच्या परिसरातून मिळत नाही. परंतु दमट हवेत कुजलेल्या लाकडी पायरीची ताकद तिच्याकडे पाहून कळत नाही, आणि ती मोडते तेव्हा चढणारा मध्यावर असतो. गिर्यारोहणाचा अनुभव इथे उपयोगी पडत नाही, कारण धोका चढणाऱ्याच्या कौशल्यात नसून दुसऱ्या कोणीतरी पूर्वी ठोकलेल्या खिळ्यात आहे. बंद वाटेवर अपघात झाला, तर शोधायला येणारे स्थानिक लोकही त्याच कातळावर जीव धोक्यात घालतात. गावात कोणी शिडीऐवजी दोर लावला आहे असे सांगितले, तरी तो अधिकृत परवानगीचा पर्याय समजू नये.

वाट बंद असेल आणि माचू पिचू डोंगराची तिकिटेही मिळाली नाहीत, तर वायना पिचूच्या पायथ्याशी असलेल्या हुचुय पिचू या छोट्या टेकडीचा विचार करावा. चढ थोडका आहे आणि तासाभरात जाऊन येता येते.

प्रश्न : डोंगरावर जाण्यासाठी कोणते महिने आणि दिवसातील कोणती वेळ योग्य?

उत्तर : मे ते सप्टेंबर हा कोरडा हंगाम आहे. जून ते ऑगस्ट या महिन्यांत गर्दी सर्वाधिक असते, म्हणून मे किंवा सप्टेंबर निवडावा. जानेवारी आणि फेब्रुवारी टाळावेत. जानेवारी 2010 मधील अतिवृष्टीत रेल्वेमार्ग तुटून हजारो पर्यटक अडकले होते आणि त्यांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले होते.

वेळेबाबत माझे मत रूढ सल्ल्यापेक्षा वेगळे आहे. तिकिटावर प्रवेशाची सर्वांत पहिली वेळ मिळवण्यासाठी धडपड करू नये. पहाटे खोऱ्यातून ढग वर चढतात आणि अनेकदा सकाळचे दोन-तीन तास शहर पूर्णपणे झाकून टाकतात. पहिल्या वेळेला निघालेला माणूस माथ्यावर पोहोचतो तेव्हा खाली फक्त पांढरे धुके असते. त्यानंतरची वेळ घेतल्यास ढग विरळ होत असताना आपण वर पोहोचता. ऊन मात्र तीव्र असते, टोपी विसरू नये.

विरळ हवेचा त्रास होण्याची शक्यता डोंगरावर कमी आणि कुस्को शहरात अधिक आहे, कारण कुस्को सुमारे 3400 मीटर उंचीवर, म्हणजे या सर्व शिखरांहून वर आहे. त्यामुळे विमानाने कुस्कोला उतरल्यावर आधी खालच्या उरुबांबा खोऱ्यात, ओयान्तायताम्बो परिसरात, दोन रात्री राहावे आणि तिथूनच रेल्वेने पुढे जावे. कुस्को पाहणे परतीसाठी ठेवावे.